शोकसभेत गौरवलेली चूक

डॉ. वैजयंता नरवडे यांच्यावर अन्याय झाला. कधी झाला, तेही नेमकं सांगते. त्यांच्याच शोकसभेत, दोन मिनिटांचं मौन संपून लोक खुर्च्या ओढत खाली बसत होते, तेव्हा. माइकवर त्यांच्या संशोधन संस्थेतले विभागप्रमुख उभे होते. पांढरा शर्ट, आवाजात हवा तेवढा कंप. ते म्हणाले की मेंदूच्या कॅन्सरवर मॅडमनी लिहिलेल्या अजरामर शोधनिबंधाच्या नावानं संस्था आता दरवर्षी एक स्मृतिव्याख्यान घेणार आहे. मग कुणीतरी कापड बाजूला केलं. मॅडमच्या फोटोशेजारी त्या निबंधाचं पहिलं पान होतं, सोनेरी चौकटीत, वर झेंडूचा हार... आणि सभागृहात टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या. मी मागच्या रांगेत बसले होते, शेजारी मॅडमचे थोरले भाऊ, पाचोडचे अण्णा. ते माझ्या कानाशी आले. "ह्योच का गं त्यो पेपर, जो वैजू मागं घ्यायचा म्हणत व्हती?" मी म्हटलं, "व्हय अण्णा. ह्योच." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सभा संपेस्तोवर तिच्याकडं बघत बसले.

मी एरवी पत्रकं लिहिते. रुग्णांच्या हक्कांसाठी काम करणारं आमचं लहानसं मंडळ आहे, त्याची. दवाखान्यांच्या फाटकाशी उभं राहून वाटायची ती. त्यामुळं सरळच लिहिते. आयुष्याचं शेवटचं वर्षभर मॅडम एकच गोष्ट मागत होत्या : हा निबंध माझा आहे, तो चुकलेला आहे, मला तो मागे घेऊ द्या. त्यांना तो मागे घेऊ दिला नाही. त्या गेल्यावर त्याच निबंधाला हार घातला, आणि वर त्याला त्यांचा सन्मान म्हटलं.

बातमी आली तेव्हा पुंडलिकनगरात आमच्या गल्लीला पाण्याचा दिवस होता. बऱ्याच दिवसांनी नळ आला होता, त्यामुळं सगळी गल्ली पिंपं, हंडे, बादल्या घेऊन दारात. शेजारच्या काकू हातातला पाइप न सोडता म्हणाल्या, "अगं, तुझ्या नरवडे मॅडमच्या घरासमोर अँब्युलन्स उभी आहे. अन् तिचा दिवा बंद आहे." दिवा बंद, म्हणजे कुणाला घाई नाही. मला तेवढ्यावरून कळलं. मॅडमचं घर आमच्या मागच्या गल्लीत. पोचले तेव्हा त्यांच्याही अंगणातला नळ चालू होता, पिंप भरून पाणी फरशीवरून फाटकाबाहेर वाहत होतं आणि तो बंद करायचं कुणाला सुचत नव्हतं. डॉक्टरांनी कारण हृदय सांगितलं. छळानं गेल्या, असं आमच्या मंडळातली पोरं म्हणतात. मलाही तसं लिहायला आवडलं असतं. पण मला ते माहीत नाही. माहीत नसलेलं लिहायचं नाही ही सवय मला याच बाईंनी लावली, आणि लावताना माझी सालटी काढली.

पहिल्यांदा मी त्यांच्याकडं गेले ते एक पत्रक तपासून घ्यायला. कॅन्सरच्या औषधांच्या किमतींबद्दल होतं. आमच्या कॉलनीत एक मोठ्या शास्त्रज्ञ राहतात, मेंदू आणि कॅन्सर या दोन्हीवर त्यांचं काम परदेशी मासिकांत छापून येतं, एवढंच मला ठाऊक. दार उघडलं ते गाऊनवर एप्रन घातलेल्या, केसांना तेल चोपडलेल्या बाईंनी. त्यांनी ओट्याशी उभ्या उभ्याच पत्रक वाचलं. "हे 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' लिहिलंस, ते कोण गं? मी तर नाय केलं."

"मॅडम, सगळ्यांनीच म्हटलंय..."

"सगळे म्हणजे कोण? नाव सांग. कुणी पाहिलं, कशात पाहिलं, किती वेळा पाहिलं?"

मी म्हटलं, पत्रकात 'कदाचित' लिहिलं तर कुणी वाचत नाही. त्या म्हणाल्या, "मग नको वाचू दे. कदाचित म्हणजे कदाचितच." माझ्या त्या पत्रकात अर्ध्याहून कमी वाक्यं जिवंत राहिली. आणि फाटकापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, पुढच्या वेळी येताना शेंगदाणे आण, रिकाम्या पोटी मला राग लवकर येतो. तेव्हापासून मी त्यांची 'पत्रकवाली' झाले. दारात दिसले की आतून आवाज यायचा, "आली का गं पत्रकवाली? आज कुणाचं वाटोळं करायचंय?"

त्यांचं काम त्यांनी मला स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता समजावून सांगितलं. मेंदूतली एक जातीची गाठ असते, ती आपली आपण एकटी वाढत नाही. आजूबाजूच्या निरोगी मज्जापेशी एकमेकींना सतत निरोप धाडत असतात, त्यावरच आपलं बघणं, बोलणं, आठवणं चालतं. गाठ त्या निरोपांच्या तारेला आकडा टाकते आणि त्यावर पोसते. "म्हणजे माणूस विचार करतो," त्या म्हणाल्या, "अन् त्याच्या विचारावर ती वाढते." मी विचारलं, मग विचार करणं बंद करायचं का? "तुला काय धोका नाय," म्हणाल्या, "तुझं बंदच आहे."

तर हे निरोप जरा मंद करता आले तर गाठीची उपासमार होईल का, हा त्यांचा प्रश्न होता. फिट येऊ नये म्हणून दिली जाते अशी एक जुनी, स्वस्त गोळी त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या गाठीच्या पेशींवर वापरून पाहिली. पेशी वाढायच्या थांबल्या. पुन्हा केलं, पुन्हा थांबल्या. हाच तो निबंध. तो छापून आला तेव्हा संस्थेत पेढे वाटले, पाचोडला अण्णांनी बाजाराच्या दिवशी पारावर चहा पाजला, आणि शहरातल्या एका दवाखान्यानं निबंधाचं पहिलं पान चौकटीत घालून भिंतीवर टांगलं. मॅडमनी शेवटच्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की हे बाटलीतल्या पेशींवर पाहिलेलं आहे, माणसावर पाहायचं बाकी आहे. शेवटचं पान कुणी चौकटीत घालत नाही. त्या दवाखान्यातून मेंदूच्या गाठीच्या रुग्णांना ती गोळी मोठ्या प्रमाणात लिहून दिली जाऊ लागली. आता रेडिएशन, ज्याला आपल्याकडं सगळे शेक म्हणतात, तो महाग, त्रासाचा, रोज शहरात हेलपाटे घालायला लावणारा. गोळी घरात बसून घ्यायची. काही लोकांनी शेक सोडला.

मग एका परदेशी प्रयोगशाळेनं कळवलं की तुमचा प्रयोग आम्ही करून पाहिला, आमच्याकडं पेशी थांबत नाहीत. दुसरा एखादा म्हणाला असता, तुम्हालाच जमला नाही. मॅडमनी आपल्या पेशी बाहेरच्या एका केंद्रात ओळख पटवायला पाठवल्या. माणसाची जशी रक्तावरून, केसावरून ओळख पटवतात तशी पेशींचीही पटवता येते. तो अहवाल त्यांनी मला दाखवला. त्या दिवशी आतून हाक आली नाही. त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, पुढ्यात कागद, त्यावर चष्मा उपडा. "पत्रकवाली," त्या म्हणाल्या, "त्या बाटलीत मेंदूची गाठ नव्हतीच."

मला कळेना. त्यांनी अण्णांच्या मोसंबीच्या बागेवरून सांगितलं. मोसंबीचं झाड कधी आपल्या मुळांवर उभं नसतं. खाली जंगली लिंबाचा खुंट असतो, त्यावर मोसंबीचा डोळा भरतात, म्हणजे तिच्या फांदीवरच्या कोंबाचं कलम करतात. लक्ष नाही दिलं तर खुंटालाच खालून कोंब फुटतो. तो जंगली, जोराचा. वरच्या मोसंबीला तो उपाशी मारतो. झाड मात्र हिरवंगार दिसत राहतं, वाटेनं जाणारा म्हणतो काय बाग आहे. फळ हातात येईपर्यंत कळत नाही की मोसंबी कधीच मेली. "तसं झालंय," त्या म्हणाल्या. पेशी या प्रयोगशाळेतून त्या प्रयोगशाळेत मागून आणतात, कॉलनीत विरजण फिरतं तसं. ज्यांच्याकडून आणलं त्यांच्यावर विश्वास असतो, म्हणून कुणी विचारत नाही. कधीतरी, कुठल्यातरी हातून, दुसऱ्याच कुठल्या कॅन्सरच्या काही पेशी त्या बाटलीत पडल्या. त्या जोरानं वाढणाऱ्या होत्या. त्यांनी मूळच्या पेशी संपवल्या आणि बाटलीवरचं नाव तेच राहिलं. गोळीनं थांबल्या त्या या घुसलेल्या पेशी. मेंदूच्या गाठीबद्दल त्या प्रयोगानं काहीही सांगितलेलं नव्हतं. मी विचारलं, असं किती दिवसांपासून? "मी पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हापासून असेल." मग उपडा चष्मा उचलून पदरानं पुसत म्हणाल्या, "अन् लोक त्याच्यावर शेक सोडतायत गं..."

दुसऱ्याच दिवशी त्या प्रमुखांकडं गेल्या. निबंधावर प्रमुखांचंही नाव होतं. पुढचं मॅडमनी मला सांगितलं तसं लिहिते. प्रमुख म्हणाले, "मॅडम, पेपर मागे घेणं म्हणजे भर चौकात आपल्या हातानं तोंडाला काळं फासणं. संस्थेचं मूल्यांकन तोंडावर आलंय. तेवढं होऊन जाऊ द्या."

"सर, तोवर गाठ थांबत नाही."

"अहो, पण तो पेपर वाचतंय कोण आता?"

"पैठणचा कंडक्टर वाचतोय सर. वाचता येत नाही इंग्रजी, तरी वाचतोय."

मॅडमनी मासिकाला आपण होऊन कळवलं. मासिकानं रीतीप्रमाणं संस्थेकडं चौकशीचा अहवाल मागितला. संस्थेनं समिती नेमली. समितीची बैठक ठरली की अध्यक्ष रजेवर जायचे, अध्यक्ष आले की सदस्य परीक्षेच्या कामाला. कुणी नाही म्हटलं नाही. हे मला लई उशिरा कळलं, की आपल्याकडं एखादी गोष्ट गाडायची असेल तर तिला नाही म्हणत नाहीत, तिची समिती करतात. मध्येच एक दिवस मॅडमच्या पेशींच्या खोलीला नवं कुलूप दिसलं. दुरुस्ती आहे, असं सांगितलं. दाराला काच होती. काचेतून त्यांना आतलं, काचेच्याच दाराचं उबेचं कपाट दिसायचं, जिथं पेशी वाढायला ठेवतात ते, आणि त्याचा हिरवा दिवा चालू असायचा. एकदा संध्याकाळी माझ्याकडं आल्या, चप्पलही न काढता खुर्चीत बसल्या. "कुणीतरी त्यांना खाऊ घालतंय," म्हणाल्या. मी म्हटलं, कुणाला? "त्या पेशींना. त्यांचं पाणी दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं, नाहीतर त्या मरतात. आज काचेतून पाहिलं, बाटल्यांतलं पाणी ताजं गुलाबी आहे, शिळं असतं तर पिवळं पडलं असतं. कोण बदलतंय? पुढचा पेपर लिहितायत पत्रकवाली, त्याच बाटलीवर..." हे सांगताना त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट इतका खाली गेला होता की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

पैठणचा कंडक्टर म्हणजे सलीमभाई. मला ते त्या दवाखान्याच्या फाटकाशी पत्रक वाटताना भेटले होते, आणि त्यांच्याबद्दल मॅडमना मीच सांगितलं होतं. एसटीत कंडक्टर, आजारपणाच्या रजेवर. डोक्यात तीच गाठ. काही दिवस शेक घेतला, केस गेले, उलट्या झाल्या, मग गोळीचं कळलं आणि शेक सोडला. मॅडम म्हणाल्या, चल, आपण जाऊ. मी म्हटलं, मी जाऊन सांगते. "तू काय सांगशील? चूक माझी आहे." आम्ही एसटीनं पैठणला गेलो. सलीमभाई दारातच खाटेवर बसलेले. मॅडम कोण ते कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आत आवाज दिला, "शमीम, चाय में दूध जास्ती डाल. गोलीवाली मॅडम आई है." मग डोक्याकडं बोट दाखवून म्हणाले, "बिना तिकट का पॅसेंजर बैठेला है मॅडम. उतरता नै. पण आपकी गोली से डरता."

मॅडमनी चहाला हात लावला नाही. "सलीमभाई, मैं येच बोलने आई. वो पेपर गलत निकला."

"कौनसा?"

"मेरा. जिस बाटली पे काम किया, उसमें दिमाग की गाँठ थीच नहीं. दूसराच कुछ था. गोली डॉक्टर को पूछे बगैर बंद मत करना, फिट आएगी. पण शेक छोड़ना नक्को. शेक को जाओ."

सलीमभाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. लहान मुलाची समजूत काढावी तसं हसले. "छपेला है ना मॅडम. दवाखाने में दीवार पे लगा है. आपका नाम है उसपे. छपेला गलत कैसा होएंगा?"

"मैंच बोल रही ना, जिसका नाम है वोच."

"आप अभी बोल रहे. वो तो छपेला है."

मॅडमनी पुन्हा सांगितलं, मोसंबीची गोष्ट सांगितली, ज्या घरात बसलो होतो त्या घरातल्या दुधाचं उदाहरण देऊन सांगितलं. सलीमभाई सगळ्याला हौ हौ म्हणत राहिले. "बड़े लोगां को डर लगता काम का. टेंशन नक्को लो. मैं ठीक है." त्यांची बायको, शमीमभाभी, दाराच्या चौकटीला टेकून मॅडमच्या तोंडाकडं बघत होत्या. आम्ही निघालो तेव्हा सलीमभाई सोडायला उठले, फाटकापर्यंत आले, हात वर केला. त्यांची डावी चप्पल खाटेजवळच राहिली होती. ती पायातून निसटली हे त्यांना कळलंच नव्हतं. मॅडमनी ते पाहिलं. मीही पाहिलं. परतीच्या एसटीत त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या, आणि पार शहर दिसायला लागल्यावर म्हणाल्या, "माझ्यापेक्षा माझ्या पेपरवर त्याचा जास्त विश्वास आहे. आता पेपरलाच सांगायला लावलं पाहिजे." म्हणजे काय, तर मासिकानं त्याच निबंधावर 'मागे घेतला' असं छापलं पाहिजे. त्या दिवसानंतर त्यांनी समितीच्या अध्यक्षांच्या दाराशी जाऊन बसायला सुरुवात केली. रोज. शिपाई त्यांना पाणी आणून द्यायचा आणि साहेब मिटिंगमध्ये आहेत म्हणून सांगायचा. गेल्या त्या सकाळीही त्यांची तिकडं जायचीच तयारी होती. साडी इस्त्री करून दाराच्या मागं लटकवलेली मी पाहिली.

त्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी, घरात सुतक असताना, संस्थेचा माणूस येऊन त्यांचा लॅपटॉप घेऊन गेला. अण्णांनी दिला. "त्यांचाच व्हता म्हणं," अण्णा म्हणाले, "मी कशाला ठिवू?" आणि शोकसभेनंतर काही दिवसांनी मी चौकशी समितीचं काय झालं म्हणून विचारायला गेले, तर तिथल्या कारकुनानं फार सौजन्यानं सांगितलं की तक्रारदारच हयात नसल्यामुळं प्रकरण बंद करण्यात आलेलं आहे. मी म्हटलं, तक्रारदार आणि आरोपी एकच होत्या, त्यांनी स्वतःविरुद्ध तक्रार केली होती. तो म्हणाला, "मग तर दोघंही गेले ना मॅडम."

गेल्या आठवड्यात अण्णा घर आवरायला पाचोडहून आले, मदतीला मला बोलावलं. कपडे, भांडी, पुस्तकं... सगळं खोक्यांत गेलं. स्वयंपाकघर शेवटी ठेवलं होतं. फडताळ उघडून अण्णा तसेच उभे राहिले. आत बरण्या होत्या, आणि प्रत्येक बरणीला कागदाची पट्टी. हे नवीन होतं. मी त्या घरात इतकं जेवले, पण बरण्यांना कधी नावं नव्हती, मीठ कुठं आणि साखर कुठं ते त्यांना हातानं कळायचं. पट्टीवर मॅडमचं बारीक अक्षर. 'साखर. चाखून पाहिली.' 'मीठ. चाखून पाहिलं.' 'हरभरा डाळ. निवडून पाहिली, तूर नाही.' खाली प्रत्येकीवर सही. अण्णांनी मिठाची बरणी उचलली, पट्टीवरून अंगठा फिरवला. "मिठाला बी सही केली हिनं," ते म्हणाले. "एकटीच राहत व्हती. कुणाला दाखवायचं व्हतं?" त्यांनी झाकण उघडलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि मान हलवली, हां, मीठच आहे, अशी. मग दोघंही खाली फरशीवर बसलो... ती बरणी अण्णांनी खोक्यात घातली नाही. धोतराच्या सोग्यात गुंडाळून मांडीवर घेतली आणि तशीच पाचोडच्या गाडीत घेऊन गेले.

त्याच संध्याकाळी मी पैठणला गेले. सलीमभाई आता खाटेवरून उठत नाहीत. डावा हात पोटावर ठेवलेला असतो, तो दुसरं कुणीतरी उचलून ठेवतं. बोलताना मध्येच शब्द हरवतो, मग ते थांबतात, गाडीनं थांबा चुकवावा तसे ओशाळतात, आणि दुसऱ्या शब्दानं पुढं जातात. उशाशी वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं : मॅडमचा फोटो, सोनेरी चौकट, स्मृतिव्याख्यानाची घोषणा. त्यांनी ते मला दाखवलं. "देखो," म्हणाले, "वो बेकार डर रई थी. मरने के बाद... ये... सबने मान लिया ना." गोळीची पट्टी त्या कात्रणावरच ठेवलेली होती.

मी निघाले. शमीमभाभी मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आल्या. त्या बाईंचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "मेरा नै सुनते," त्या म्हणाल्या. "तुम्हारा नै सुनते. मॅडम खुद आके बोली, उनका नै सुने. छपेला सुनते. तुम छापते ना? छापके दो. पत्रक नक्को, पत्रक से रोटी बांधते लोगां. पेपर में छापके दो."

म्हणून हे इथं, वर्तमानपत्राच्या या पुरवणीत छापलं आहे. आता शमीमभाभींसाठी आणि त्यांच्यासारख्या प्रत्येक घरासाठी साध्या शब्दांत लिहिते, कुणालाही वाचून दाखवता येईल असं. डॉ. वैजयंता नरवडे यांनी मेंदूच्या गाठीवरच्या गोळीचा जो निबंध लिहिला, तो चुकीच्या पेशींवर लिहिला गेला होता. हे त्यांनी स्वतः शोधून काढलं आणि स्वतः सांगितलं. त्या गोळीनं मेंदूची गाठ थांबते असं त्यांनी कुठंही पाहिलेलं नाही. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, फिट येऊ शकते. पण शेक सोडला असेल तर आजच शेकाच्या डॉक्टरांना जाऊन भेटा. अजून देता येईल का ते तेच तपासून सांगतील, आणि तपासायला माणूस त्यांच्यापुढं जायला हवा. हे सांगणाऱ्या बाईंचं नाव वर छापलेलं आहे.

तुमच्या नात्यात, गल्लीत, गावात, डेपोत, मेंदूची गाठ असलेला आणि गोळीच्या भरवशावर शेक सोडलेला माणूस असेल. तुम्हाला तो माहीत असेल, कारण आपल्याकडं असल्या गोष्टी लपत नाहीत. त्याला फोन करू नका, फोनवरचं तो हौ हौ म्हणून सोडून देईल. हे पान कापा, त्याच्या घरी जा आणि त्याच्या हातात द्या. हातात धरवत नसेल तर वाचून दाखवा, आणि तो निघेपर्यंत तिथून उठू नका. कात्री आणा. पुरवणीतलं बाकीचं नंतर वाचा.